आत्याला दिसलेला कठडा

नाशिकच्या दृष्टिमेंदू संशोधन संस्थेत संचालकांच्या खोलीत शिरण्यापूर्वी दार वाजवण्याची पद्धत होती. त्या सकाळी डॉ. निवेदिता घैसासने ते वाजवलं नाही. ती मेंदूचित्रण विभागाची प्रमुख होती आणि परवा तिची कुमुदआत्या गॅलरीतून खाली पडली होती.

"सर, कठडा वेल्डिंगसाठी काढून नेला होता. आत्या ओली चादर घेऊन गेली आणि कठड्यावर रेलली. नसलेल्या कठड्यावर! कमरेखाली काही जाणवत नाही तिला, आणि मलाच सांगतेय, 'अगं, होता कठडा. मी पाहिला ना!'"

"वाईट झालं," डॉ. भालचंद्र ओगले म्हणाले. "पण वय झालं की माणसं पडतात, निवेदिता."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्याच्या मेंदूत याच संस्थेने चाचणीसाठी 'पूरकपटल' हे यंत्र बसवलं होतं, आणि बसवून घे म्हणून निवेदितानेच तिला गळ घातली होती.

"तुम्हालाच पहिला धडा शिकवायची वेळ आली आहे," ती म्हणाली. "उतारवयात डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो. ज्याच्याकडे बघावं तिथेच डाग. वाचन जातं, चेहरे जातात. मग मेंदूचा जो भाग हे मधलं चित्र बघतो, तो उपाशी पडतो आणि पातळ होत जातो."

"म्हणूनच पूरकपटल. डोळ्याच्या कडेचे संकेत घेऊन ते त्या भागाला जागं ठेवतं. मधलं चित्र मेंदू पूर्ण करतो."

"कशाने पूर्ण करतो? आठवणीने! वस्तू नवी असेल तर थोडंफार खरं दिसतं. रोजची असेल तर मेंदू कालचंच चित्र लावून मोकळा होतो. आयतं मिळायला लागलं की तो भाग आणखी पातळ होतो. मग आठवण वाढते, खरं कमी होतं. हा आलेख बघा. वर्ष उलटलं की रेघ कशी कोसळते!"

ओगले दर सोमवारी हा आलेख पाहत. त्यांनी तिच्या हातातला टॅब जवळ घेऊन नजर रोखली.

"कुठे कोसळते? सरळ तर आहे. नेहमीसारखी."

"खोटं बोलताय तुम्ही! धडधडीत खोटं! माझी आत्या तिथे लोळागोळा होऊन पडली आहे आणि तुम्ही..."

ओगले ताडकन उठले. रागाने त्यांचा आवाज चिरकला. "खोटं? हे यंत्र सर्वांत आधी माझ्या मेंदूत बसलं! मग सुरक्षा समितीतल्या चौघांच्या. या संस्थेची रीत आहे ती. ती पाटी वाच!" समोरच्या भिंतीवर नजर रोखून त्यांनी स्वतःच शब्दन् शब्द वाचला, "'आधी स्वतःच्या डोळ्यात, मग रुग्णाच्या.' वाचलंस?"

भिंतीवर पाटी नव्हती. काच तडकली म्हणून ती कालच दुरुस्तीला गेली होती. उरला होता फक्त खिळा.

निवेदिताने एकदा खिळ्याकडे आणि एकदा ओगल्यांकडे पाहिलं. खोटारड्याशी निदान भांडता तरी येतं. हा माणूस अगदी खरं बोलत होता. स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही म्हणतात. इथे पाच विद्वानांनी ते शस्त्रक्रिया करून बसवून घेतलं होतं, वर त्याला त्याग म्हणत होते. आणि याच पाच जोडी डोळ्यांनी वर्षभर सुरक्षितता तपासली होती!

"सर, तो खिळा दिसतोय का?"

"कसला खिळा? फाजीलपणा पुरे. परवानगीचं पत्र आण. आज ते आरोग्य खात्याकडे गेलं की पुढच्या महिन्यापासून राज्यातल्या प्रत्येक सरकारी इस्पितळात पूरकपटल बसेल."

म्हणजे गावोगावच्या आत्या, आणि गावोगावचे कठडे. ते पत्र ओगल्यांनी स्वतः लिहिलं होतं आणि समितीतल्या चौघांसोबत आठवडाभर घासूनपुसून पाचही जणांनी तोंडपाठ केलं होतं. निवेदिता आपल्या खोलीत गेली. तिने मसुद्यातला एक शब्द बदलला. ओगल्यांच्याच नावाच्या छापील कागदावर पत्र छापून ती परत आली.

"नीट वाचून सही करा, सर. मोठ्याने वाचा."

ओगल्यांनी चष्मा सारखा केला आणि एकही शब्द न अडखळता पत्र वाचलं. "'...सर्व चाचण्यांचा विचार करून ही समिती पूरकपटलाच्या वापरास परवानगी देत आहे.' छान." त्यांनी झोकदार सही ठोकली.

निवेदिताने कागद उचलला. ओगल्यांच्या ताज्या सहीच्या वर लिहिलं होतं, 'परवानगी नाकारत आहे.' तिने त्यांच्यासमोरच ते पत्र खात्याकडे रवाना केलं.

"समितीतल्या चौघांनाही प्रत पाठव," ओगले समाधानाने म्हणाले. "त्यांनाही पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालू दे."

"पाठवते, सर," निवेदिता म्हणाली. "त्यांनाही अगदी हेच दिसेल."