न फुटलेला चेहरा

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण हे खरं घडलंय, आणि ज्या ताईच्या बाबतीत घडलं ती तिखटमीठ लावून सांगणाऱ्यांतली नाही.

ताई माझी मामेबहीण. एका छोट्या छापखान्यात कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं लावते. फोटोंच्या बाबतीत भलती खडूस. कुणी मोबाइलवरचा चिमुकला फोटो आणून "हा पानभर करा" म्हणालं की तिचं डोकंच फिरतं.

त्या दिवशी मंगळवार होता. भर दुपार, सव्वातीनचा सुमार. टेबलावर ऊन आलं होतं आणि मागच्या खोलीत छपाईचं मशीन धडधडत होतं.

काम घरचंच होतं. माझे मामा, म्हणजे ताईचे बाबा, रोज सकाळी बागेत फिरायला जातात. नऊ निवृत्त म्हाताऱ्यांचा गट. गटाला दहा वर्षं झाली म्हणून छोटंसं पुस्तक काढायचं ठरलं. पहिल्याच पानावर नऊ जणांचा फोटो हवा होता. तो माळ्याने मोबाइलवर काढलेला, आणि इकडून तिकडे पाठवताना आणखीच लहान झालेला.

"मूळ फोटो मागवा, बाबा."

"माळ्याचा मोबाइल हौदात पडला. तू आहेस ना? कर काहीतरी."

ताईने कपाळाला हात लावला. फोटो पानावर आणला आणि शिफ्ट दाबून, कोपरा ओढून मोठा केला.

छपाईला इंचामागे तीनशे ठिपके लागतात. आकडा घसरत घसरत साठवर आला. व्हायचं तेच झालं, फोटो फुटला. चेहऱ्यांचे नुसते चौकोन झाले.

एक चेहरा सोडून...

डावीकडून दुसरे, पोस्टमनकाका. त्यांच्या भुवईचा केस न् केस दिसत होता.

ताईने आणखी मोठं केलं. बाकीचे पार विरघळले.

पोस्टमनकाकांच्या पापण्या मोजता आल्या असत्या.

फोटो ओढून मोठा केला म्हणून त्यात नवे ठिपके येत नाहीत. हे ताई नवख्यांना पहिल्या दिवशी शिकवते. तिने मालकांना हाक मारली.

"कुणीतरी चेहरा वेगळा आणून चिकटवला असेल," मालक म्हणाले. "आटप लवकर."

पाच वाजता मामांचा फोन आला.

"पोस्टमन गेले गं. जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. नावाआधी कै. लाव."

बुधवारी सकाळी कै. लावायला ताईने पान उघडलं. पोस्टमनकाका आता इतरांसारखेच फुटलेले होते.

आणि टोपीवाले डॉक्टर लख्ख दिसत होते. टोपीची शिवणसुद्धा...

शुक्रवारी डॉक्टर गेले.

शनिवारी ताईला पान उघडायचं नव्हतं, पण पुस्तक सोमवारी छपाईला जायचं होतं.

उजवीकडचे शेवटचे...

बाबा.

कानाखालचा तीळ दिसत होता. लहानपणी बाबांच्या कडेवर बसून ती त्या तिळाला बोट लावायची.

तिने लगेच फोन केला.

"काय करताय, बाबा?"

"चहा पितोय. का गं? रडतेस की काय?"

"नाही. सर्दी झालीय."

फोन ठेवला आणि ती कामाला लागली. पानावरची फोटोची चौकट आत सरकवली की माणूस झाकला जातो, पुसला जात नाही. तो मागे असतोच. म्हणून तिने मूळ फाइलच फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. बाबा कडेलाच उभे होते. ती कड तिने कापली आणि फाइल तशीच सेव्ह केली.

आता पानावर आठच जण उरले.

दोन मिनिटं काहीच झालं नाही. मग...

बाबांच्या शेजारचे मास्तर हळूहळू स्पष्ट होत गेले.

मास्तर मामांचे जिवलग मित्र. ताईचं गणित कच्चं होतं, तेव्हा एक पैसा न घेता त्यांनी तिला दोन वर्षं शिकवलं होतं. फोटोत त्यांचा हात मामांच्या खांद्यावर होता. आता तो मनगटापाशी तुटलेला दिसत होता.

ताईला सगळं कळलं होतं. तिने पान छपाईला पाठवलं.

"मला दुसरं काही सुचलंच नाही," ती मला म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मास्तर सोमवारी गेले.

पुस्तक आलं. मामांनी पहिलं पान उघडलं.

"मी कुठे आहे?"

"जागा पुरत नव्हती, बाबा."

"म्हणून मला कापलंस? अगं, मास्तरांचा हात माझ्या खांद्यावर होता. आमचा शेवटचा फोटो होता तो."

चार दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. ताईने तेही सोसलं. बाबा जिवंत होते ना, मग रुसेनात का!

गेल्या गुरुवारी ताई दात दाखवायला गेली होती. तिथे मालकांचा फोन आला.

"अगं, तुझे बाबा आले होते. अगदी रडवेले झाले होते बिचारे. त्यांच्या मोबाइलवर नऊ जणांचा तोच फोटो होता, तो घेतला आणि मीच लावलं पान. पानभर केला आणि छापूनही दिला. बाकीचे फुटलेत, पण बाबांचा चेहरा... काय सुरेख आलाय गं!"

आज सहावा दिवस आहे.

मामा ठणठणीत आहेत. ते नवं पान त्यांनी भिंतीवर लावलंय. ताई सावलीसारखी मागे असते म्हणून वैतागतात. "मला काय धाड भरलीय?" म्हणतात. मीही इथेच राहायला आलेय. मामा दुपारी झोपले की मी दारात बसून त्यांचा श्वास ऐकते.

त्या फोटोतले मामांखेरीज अजून पाच जण जिवंत आहेत. रोज सकाळी मामांना हाक मारायला दाराशी येतात. मला पोरी म्हणतात.

काल ताईने हळूच विचारलं, "पुन्हा कापू?"

मी हो म्हणाले नाही. पण नाहीही म्हणाले नाही.

आज सकाळी ती नेहमीपेक्षा तासभर आधीच छापखान्यात जायला निघाली. चप्पल घालताना तिने माझ्याकडे बघितलं.

मी तिला थांबवलं नाही.