शेडनेटमधली उजळणी

अमडापूरच्या शिवारात, हिरव्या शेडनेटखाली मिरचीच्या फुलांना परागकण लावता लावता अनुपमा काहीतरी पुटपुटत होती. शेजारच्या सरीतून शेतमालकाच्या मुलाने, गजेंद्रने, मान वर केली.

"ओ, कोणाले शिव्या देऊन राह्यल्या?"

"स्पॅनिशच्या भूतकाळाले!" ती हसली. "काही क्रियापदं भूतकाळात गेली, की नियमच सोडतात. पाठ करा लागतात. परीक्षा पास झाली, तर पुण्यात भाषांतराची नोकरी हाये."

दुसऱ्या दिवसापासून पुस्तक त्याच्या हातात आले. तिचे हात फुलांत गुंतलेले असत, म्हणून तो क्रियापद विचारी आणि ती त्याचा भूतकाळ सांगे.

"तेनेर?"

"तुवे."

"इकडं पाहून सांग नं."

"इकडं पाहिलं, की विसरते…"

परागण झालेल्या फुलाच्या देठाला लाल दोरा बांधायची तिथली रीत. दोरा नसलेले फळ बियाण्यासाठी घेत नसत. एकदा त्याने तो दोरा तिच्या बोटाला बांधला.

"हे काऊन?"

"खूण," तो म्हणाला आणि झटकन पुढच्या झाडाकडे वळला. तिने तो सोडला नाही.

परीक्षा जवळ आली. 'जाऊ नको' हे शब्द गजेंद्रच्या ओठांपर्यंत येत… आणि परत जात.

परीक्षेच्या आदल्या सकाळी त्याने विचारले, "केरेर? म्हंजे, हवं असणं."

"केरी," ती त्याच्याकडे एकटक पाहत म्हणाली.

पुस्तकात 'किसे' होते. ती नापास झाली, तर इथेच राहील—

"बरोबर," तो म्हणाला.

निकाल लागल्यावर ती शेडनेटमध्ये आली. "पास झाले."

त्याचा चेहरा उतरला. तिने तो पाहिला.

"त्या 'केरी'च्या आधीही एका चुकीच्या उत्तराले तू 'बरोबर' म्हटलं होतं. घरी जाऊन पाहिलं, तवा समजलं. वाटलं, नजर चुकली असंल तुही. म्हणून त्या सकाळी मुद्दाम चुकले, गजेंद्र. वाटलं, आता तरी टोकशील…"

"तू जाऊ नये, एवढंच वाटत होतं मले."

"मंग तेच म्हणायचं होतं नं बे!" तिचा आवाज फाटला. "तेवढं म्हटलं असतं, तर मी—"

वाक्य तिने पुरे केले नाही. बोटावरचा दोरा सोडून तिने त्याच्या तळहातावर ठेवला आणि जाळीचे दार ओढून ती निघून गेली.

गजेंद्र खाली वाकला. सरीतली दोरा नसलेली फळे तोडून टाकायचे काम तेवढे उरले होते.