वजा केलेलं दुखणं

दवाखान्यात आता कुणी ‘कुठं दुखतंय?’ असं विचारत नाही. मनगटाला वेदनापट्टी बांधतात. पट्टी नसांमधली वेदना मोजते, त्यातून रुग्णाच्या मनाने रचलेला भाग, म्हणजे ‘भ्रमांश’, वजा करते आणि उरलेला आकडा दाखवते. आकडा चारच्या वर गेला तरच पुढची तपासणी.

श्रेणिकचा आकडा चार दिवस शून्य येत होता.

त्याला एकोणीस वर्षं स्किझोफ्रेनिया होता. कानात आवाज आले की तो थोरल्या बहिणीला, पद्मलाला विचारायचा, “अक्का, हे खरं हाय काय?” ती ‘नाही’ म्हणाली की विषय संपायचा. या एका नियमावर तो गोळ्या घेत होता, छापखान्यातली नोकरी टिकवून होता. या वेळी त्याने पोट धरून तेच विचारलं. पद्मलाने पट्टीवरचं शून्य पाहिलं आणि नाही म्हणाली. मग तो वाकून चालत कामाला जाऊ लागला.

पाचव्या दिवशी तो छापखान्यातच कोसळला. डॉक्टर मुजावरांनी पट्टी काढून ठेवली आणि सरळ पोट उघडलं. अपेंडिक्स फुटून आत सगळा पू झाला होता. जीव वाचला, एवढंच.

पट्टी बिघडली होती का, असं पद्मलाने चिडून विचारलं.

“नाही,” मुजावर म्हणाले. “नसांमध्ये नऊ नोंदले होते. पट्टीने भ्रमांश म्हणून नऊच्या नऊ वजा केले. तिला जुन्या केसपेपरांवरून शिकवलंय, ताई. अशा रुग्णांच्या दुखण्यापुढं आम्हीच वर्षानुवर्षं ‘मनाचे खेळ’ लिहीत आलो.”

तक्रार करायची तर अर्ज होता. अर्जावर रुग्णाचा जबाब हवा होता, आणि त्या जबाबातूनही भ्रमांश वजा होणार होता. पद्मलाने अर्ज फाडून टाकला. तिचा संताप संताप झाला होता, आणि त्यातला निम्मा स्वतःवरच होता.

श्रेणिक शुद्धीवर आल्यावर तिने त्याला सगळं खरं सांगितलं. दुखणं खरं होतं, पट्टी चुकली, मीही चुकले.

नर्सने पुढे केलेली रोजची गोळी त्याने घेतली नाही.

“अक्का, कानातले आवाज म्हणायलेत, गोळीत विष हाय.”

“नाही रे. ते खरं नाही.”

एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे संशयाने पाहिलं.

“पोटाचंबी तू असंच म्हणालीस की,” तो म्हणाला आणि त्याने तोंड मिटून घेतलं.