दुसरी मात्रा

सासऱ्यांनी लग्नाच्या आठवड्यातच त्याचे नाव ‘यंत्रोबा’ ठेवले, आणि पुढच्या अकरा वर्षांत ते खोडून निघावे असे त्याने काही केले नाही. घरात तीन कीबोर्ड होते, दोन निकामी ड्रोन होते, आणि खोलीतली आर्द्रता सांगणारी एक डबी होती. कोणी न विचारता ती सांगत असे. दर रविवारी सकाळी तो आपल्या ब्लॉगवर लिहीत असे. नवे हेडफोन, अडगळीत पडलेली एखादी प्रोग्रॅमिंगची भाषा, आठवड्यात पाहिलेला चित्रपट, कचेरीतले दिवस. चाळीसएक वाचक होते. चित्रपटगृहात शेजारी बायको डोळे पुसत असताना तो नटाचे ओठ आणि आवाज यांच्यातले अंतर मोजत असे, आणि रविवारी तेवढेच प्रामाणिकपणे नोंदवत असे.

त्याच्या डाव्या हाताच्या अनामिकेला संवेदना नव्हती. सातव्या वर्षी ती दाराच्या फटीत सापडली होती. हाड जुळले, नस जुळली नाही. टंकताना मात्रेची कळ नेमकी याच बोटाखाली येई. कळ दाबली गेली की नाही हे बोटाला कळत नसे, म्हणून ते ती पुन्हा दाबी. इतर शब्द तो बोटांकडे पाहून लिही, म्हणून तिथे ही चूक सापडे. ‘आहे’ या शब्दात सापडत नसे, कारण ‘आहे’ कोण पाहून लिहितो? पडद्यावर दुसरी मात्रा पहिलीवर तंतोतंत बसे आणि डोळ्याला एकच दिसे. मोजणी मात्र फसत नसे. आ, ह, मात्रा: खऱ्या ‘आहे’त तीन चिन्हे. त्याच्या ‘आहे’त चार.

हे त्याला कळले होते ते स्वतःच्याच प्रोग्रॅममुळे. मजकुरातली फाजील चिन्हे वेचून काढणारा तो प्रोग्रॅम कचेरीत ‘झाडू’ म्हणून ओळखला जाई. ब्लॉगवर मात्र त्याने झाडू कधी फिरवला नाही. माणसाला स्वतःची म्हणावी अशी एखादी तरी चूक असावी, असे त्याचे मत होते.

आठ महिन्यांपूर्वी बायकोने दुसऱ्या शहरात नोकरी धरली. बॅगेची चेन ओढताना ती म्हणाली होती, “तू घरात असतोस, पण हजर नसतोस. भांड तरी एकदा.”

“मी ऐकतो आहे,” तो म्हणाला होता.

त्यावर ती हसली होती. आता तिचा निरोप आला होता: शनिवारी येते. तुला काही वाटतं असं दिसलं, तर राहीन. नाहीतर उरलेले कपडे नेईन. त्याने तो दोनदा वाचला आणि आपल्याला काय वाटते ते तपासले. काही सापडले नाही. सापडावे, असे मात्र वाटले, तेवढेच.

त्या सोमवारी विभागप्रमुखांनी त्याला बोलावले. ज्या संस्थेने खिडक्यांच्या कड्या सुरक्षेसाठी काढून टाकल्या होत्या, तिला वर्षातून एकदा आपल्या माणसांचा आनंद मोजावासा वाटे. आनंद-सर्वेक्षणाची उत्तरे जमा झाली होती. ज्या विषयाने विचारवंतांना हजारो वर्षे झोप लागू दिली नाही, त्यासाठी संस्थेने दीडशे अक्षरांची चौकट दिली होती, आणि बहुतेकांना तीही मोठी पडली होती.

“वरच्यांना स्वच्छ हवंय,” विभागप्रमुख म्हणाले. “जरा झाडू मारून द्या.”

“मजकुरावर की आनंदावर?”

“दोन्हींवर मारा. वेळ वाचेल.”

तीनशे बारा उत्तरे होती. प्रश्न एकच: आपल्याला येथे कसे वाटते? बहुतेकांनी लिहिले होते, ‘ठीक आहे.’ झाडूने तीनशे अकरा ठिकाणी फाजील मात्रा दाखवली.

प्रोग्रॅम बिघडला असे समजून त्याने उत्तरे हाताने उलगडून पाहिली. आ, ह, मात्रा, मात्रा. लेखनिक, सुरक्षारक्षक, विभागप्रमुख. फोनवरून लिहिणारे, संगणकावरून लिहिणारे. फक्त ‘आहे’त, दुसऱ्या कुठल्याही शब्दात नाही.

एकच उत्तर निर्दोष होते. ‘खुर्चीची उंची ठीक आहे.’ ते त्याचे स्वतःचे होते.

शेजारच्या टेबलावर प्रोग्रॅम तपासणारी बाई बसे. तिच्या हातून काहीच निसटत नसे म्हणून तिला सगळे ‘चाळणी’ म्हणत, आणि तिला ते आवडे.

“इथे ‘आहे’ लिही,” तो म्हणाला.

“का? सही हवीय का माझी?”

“लिही ना.”

तिने दोन तर्जन्यांनी, कोंबडी दाणे टिपते तसे लिहिले. मात्रेची कळ तिने एकदाच दाबली. तो बघत होता. मोजणी आली: चार.

“तुझा झाडूच झडला,” चाळणी म्हणाली.

“दुसऱ्या प्रोग्रॅमने मोजू.”

दुसऱ्यानेही चारच सांगितले. ती क्षणभर पडद्याकडे पाहत राहिली. एरवी अशा वेळी ती खुर्ची पुढे ओढी आणि चुकीच्या मुळाशी जाईपर्यंत चहाला उठत नसे.

“असू दे,” ती म्हणाली. “दिसत तर नाही ना कुणाला?”

एवढे म्हणून ती जुन्या कामाकडे वळली. त्याला ते मात्रेपेक्षा विचित्र वाटले.

घरी येऊन त्याने अकरा वर्षांत प्रथमच ब्लॉगवर झाडू फिरवला. जुन्या प्रत्येक लेखात त्याची चूक होती, शेकड्यांनी. गेल्या वसंत ऋतूपासून ती विरळ होत गेली होती. शेवटच्या तीन लेखांत एकही नव्हती. वाचकांच्या अभिप्रायांत मात्र ती तेव्हापासूनच दिसू लागली होती. ‘लेख छान आहे.’ चार. ‘वाचतो आहे.’ चार.

डाव्या अनामिकेला मुंग्या येत होत्या. त्याने ती टेबलाच्या कडेवर घासली. कड गार होती.

ती गार आहे हे त्याला कळले.

बुधवारी बायकोचा निरोप आला: ‘शनिवारी दुपारी पोहोचते आहे.’ त्याने तो फोनवरून संगणकावर घेतला. मग बराच वेळ मोजणीची कळ दाबली नाही. मग दाबली. चार.

त्याने तिला फोन लावला.

“हा निरोप तूच लिहिलास?”

“नाही, भालदाराकडून लिहवून घेतला. काय झालं?”

“फोनवर लिहिलास?”

“मग पाटीवर लिहू?” ती हसली. हसणे जरा लवकर संपले. “यंत्रोबा, बरा आहेस ना?”

“तुला कसं वाटतंय?” त्याने विचारले. अकरा वर्षांत हा प्रश्न त्याने प्रथमच विचारला होता.



“ठीक आहे,” ती म्हणाली.

शनिवारी दुपारी ती आली. तिने चपला त्याच्या बुटांशेजारी काढल्या. त्या दोन जोडांकडे पाहताना त्याला काहीतरी वाटले, आणि हे काय आहे हे ओळखायला त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. तिच्या केसांना प्रवासाचा वास होता. कपाळावर आठ महिन्यांपूर्वी नसलेली एक आठी होती. त्याला सगळे एकदम सांगायचे होते. रिकामी उशी, न पाहिलेले चित्रपट, बॅगेच्या चेनचा आवाज.

“चहा टाकते,” ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली.

तो मागोमाग दारात जाऊन उभा राहिला. दूध वर आले. तिने गॅस बंद केला. सांडशी खिळ्याला होती.

तिने पातेले हातांनीच उचलले.

त्याच्या डाव्या अनामिकेत आग उसळली. बोट त्याने तोंडात घातले. डोळ्यांत पाणी आले, आणि थांबेना.

“सोड ते,” तो म्हणाला. “भाजेल.”

“काय?”

“पातेलं.”

तिने आपल्या बोटांकडे पाहिले, दुसऱ्या कोणाची वस्तू पाहावी तसे.

“मला वाटतंय,” तो म्हणाला. “तू म्हणाली होतीस ना. मला सगळं वाटतंय.”

ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. त्याचे ओठ आणि आवाज यांच्यातले अंतर मोजत असावी तशी.

“छान,” ती म्हणाली. “मग राहते मी. ठीक आहे.”

पातेले अजून तिच्या हातातच होते.