तारा हलला नाही

दशक्रिया उरकली आणि दोन-चार दिवसांनी शंभू टेम्पो काढून भावाचा डबा आणायला निघाला. सुदर्शन ज्या प्रयोगशाळेत कामाला होता तिथून फोन आला होता, डबा आणि स्वेटर पडून आहेत, कुणीतरी घेऊन जावं. आई म्हणाली, राहू दे. पण शंभूला घरात बसवत नव्हतं. पिंडाला कावळा शिवला नव्हता. काकांनी, मामांनी हात जोडून एकेक कबूल करून पाहिलं, शेवटी दर्भाचा कावळा करून वेळ मारून नेली. दुचाकी घसरून गेलेल्या दादाचा जीव कशात अडकलाय ते शोधायचं आणि त्याला मोकळं करायचं, एवढं एकच शंभूच्या डोक्यात होतं.

गेटवरच्या मच्छिंद्रने टेम्पो आडवा लावला म्हणून त्याला ऐकवलं, हा रस्ता तुमच्या नावावर आहे का म्हणून विचारलं. कुणाचा भाऊ ते कळल्यावर मात्र तो टेम्पोकडे मीच बघतो म्हणाला.

दादाबरोबर काम करणाऱ्या श्रद्धाने डबा घासून ठेवला होता. तिचे डोळे जागरणाने सुजले होते. दादा इथं नेमकं काय करायचा, असं शंभूने विचारलं. तिने सावकाश समजावलं. तारा लुकलुकतो तो मधल्या हवेमुळे. मोठ्या दुर्बिणीत एक पातळ आरसा सतत वाकून ती थरथर पुसून काढतो. कुठे किती वाकायचं, ते त्याला इन्फ्रारेड कॅमेरा सांगतो. तो कॅमेरा दादाने जुळवला होता. आतल्या अंधाऱ्या खोलीत टेबलावर एक खोटा तारा होता, म्हणजे केसाएवढा दिवा. त्याचा झोत तशाच एका आरशावरून कॅमेऱ्यात जायचा. चाचणी चालू असताना आत कुणी थांबत नसे. माणसाचा श्वास झोतावरून गेला तरी बाहेरच्या पडद्यावर लाटा उठायच्या.

आतली खोली रिकामी होती. आणि पडद्यावर लाटा उठत होत्या.

"आरसा मुद्दाम बंद ठेवलाय, थरथर जशीच्या तशी दिसावी म्हणून," श्रद्धा हळू आवाजात म्हणाली. "एसी बंद, दार बंद. तो गेल्यापासून हे असंच चाललंय."

उद्या यंत्र खोक्यात जाणार होतं, परदेशातल्या कुठल्याशा डोंगरावर.

शंभू बघत राहिला. एक लांब लाट. मग दोन तोकड्या, अडखळत. पुन्हा एक लांब. लहानपणी मांजरी गावातल्या खोलीत एका गोधडीत तो दादाच्या पाठीला चिकटून झोपायचा. दम्याने दादाचा श्वास असाच अडखळायचा.

"ताई... दादा आत हाय."

ती हसली नाही. तिने अडवायच्या आत शंभू दार ढकलून आत गेला होता.

टेबलावरचा तो केसाएवढा ठिपका सोडला तर आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. गार लोखंडाचा आणि स्पिरिटचा वास. कॅमेरा थंड ठेवणारा पंप धक्... धक्... करत होता. चाचपडत तो टेबलाशी पोचला. छतातल्या स्पीकरमधून श्रद्धाचा आवाज आला.

"शंभू... आता दोन श्वास दिसतायत."

त्याच्या मानेवर काटा आला, पण तो मागे सरला नाही. आईला सांभाळीन, म्हणाला. लाटा तशाच आहेत, स्पीकर म्हणाला. दहावीला पुन्हा बसेन, दारूला शिवणार नाही, तुझं यंत्र नीट पोचेल. तशाच... तशाच...

शंभूला रडू फुटलं. "मग काय पायजे तुला? एकट्याला करमत नाय का? मी येतो तुझ्यासंगं, दादा. शब्द देतो."

धक्... धक्...

"थांबलं," श्रद्धा कुजबुजली. "शंभू, सगळं थांबलं. तारा अगदी स्थिर आहे."

सुटला दादा. शंभूने टेबलाच्या कडेला हात टेकले. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती आणि तो रडता रडता हसत होता.

स्पीकर पुन्हा खरखरला.

"शंभू... तू टेबलापाशीच उभा आहेस ना?"

"हो, ताई."

"आरसा बंदच आहे. मग... तुझा श्वास कुठे गेला?"

शंभू त्या केसाएवढ्या उजेडावर वाकला. तोंडासमोर तळहात धरून त्याने फुंकर मारली. हाताला ऊब लागली. मग हात बाजूला घेतला आणि छातीत होती नव्हती तेवढी सगळी हवा त्याने झोतावर सोडली.

"पुन्हा फुंक," ताई म्हणाली. "काहीच हललं नाही."