गाठ पडली ती किटमध्ये

तिची आणि त्याची गाठ पडली, ती अक्षरशः गाठीवरूनच.

साथीच्या वॉर्डाबाहेर संरक्षक किट उतरवायची चिंचोळी खोली. ड्यूटी संपवून ती आत शिरली, तर नखशिखान्त पांढऱ्यात गुंडाळलेला एक उंच माणूस पाठीमागे हात नेऊन गिरक्या घेत होता. गाऊनची नाडी काही सुटत नव्हती.

"ही कुणी बांधली?"

"मी..." तिचाही चेहरा मास्कआड होता, म्हणून बरं. सकाळी घाईघाईत, पुढ्यात कोण आहे हे न बघताच तिनं ती बांधली होती.

"अहो, एका ओढीत सुटायला हवी ही!"

"सर्जनची गाठ पडली चुकून. ती सुटू नये म्हणूनच मारतात."

"बाई, मी रक्तवाहिनी नाही."

शेवटी सिस्टरकडून कात्री आली.

तिचा तरी काय दोष? सर्जरीच्या शेवटच्या वर्षाची निवासी डॉक्टर ती. साथ आली आणि ऑपरेशनं बंद झाली. हर्निया, पित्ताशय, सगळे पेशंट 'नंतर या' म्हणून घरी गेले आणि ही बया ऑक्सिजनचे आकडे बघत वॉर्डात फिरू लागली. हात उपाशी. मग ते दिसेल त्याला गाठी मारत सुटले: कपाटाची कडी, पडद्याची दोरी, कपाचा कान.

तो भूल देणारा, तोही शिकाऊच. त्याचा धंदा मात्र तेजीत. श्वासाची नळी घालायला सारखं बोलावणं. ती जळायची त्याच्यावर, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याचपुढे पाठ करून तो उभा राहायचा.

"गाठबाई, नाडी."

"आज साधी बांधते."

"नको... कात्रीची सवय झालीय."

"डॉक्टर, माझी कात्री बोथट होतेय हो," सिस्टर पुटपुटायच्या. त्यांना सगळं कळत होतं. या दोघांनाच काय ते कळायचं बाकी होतं.

एकदा जिन्यात, चहा घेताना, दोघांचे मास्क पहिल्यांदा खाली आले. ती बघतच राहिली. इतके दिवस त्या आवाजाला तिनं मनातल्या मनात मिशी लावली होती. इथं तर मिशीचा पत्ताच नाही!

"काय झालं?"

"काही नाही... हिशेब चुकला."

मग तातडीचं एक अपेंडिक्स आलं. कित्येक महिन्यांनी तिच्या हातात सुरी, आणि टेबलाच्या डोक्याशी भूल द्यायला तो. पोटावर छेद घेतला आणि तिचा हात तिथंच अडला. पुढचा पदर कुठला, तेच आठवेना. समोर उभ्या असलेल्या तिच्या विभागप्रमुख सरांनी हत्यार तिच्याकडून काढून घेतलं. त्यानं ते पाहिलं आणि नजर यंत्राकडे वळवली.

आणि पंधरवड्यात जाहीर झालं, परीक्षा वेळेवर. झालीही. सगळे पास. तिची आई फोनवर रडली, "झाली गं माझी लेक सर्जन!"

सर्जन? ती सुन्न होऊन जिन्यात बसली. तो दोन कप चहा घेऊन शेजारी येऊन टेकला. त्याला दुसऱ्या गावी नोकरी लागली होती.

"तिथं सर्जनचीही जागा आहे," तो सहज म्हटल्यासारखं म्हणाला. सहज नव्हतं ते.

तिनं लाडात येऊन विचारलं, "माझ्या टेबलावर तुझ्या आईला झोपवशील?"

तो कपात बघत राहिला.

"आत्ता... नाही."

थोबाडीत बसावी तसं झालं. ती उठली आणि चहा तिथंच टाकून गेली. मेला! घरचे, मैत्रिणी, सगळे म्हणत होते, 'होईल गं सवय.' आणि हा... हाच एक खरं बोलला, हे कळायला संध्याकाळ झाली.

दुसऱ्या दिवशी ती सरांपुढे उभी राहिली. "सर, मला आणखी सहा महिने इथंच शिकायचंय. हात तयार नाहीत."

सरांनी चष्मा काढला. "अगं, लोक लवकर सोडा म्हणून येतात माझ्याकडे!" मग चष्मा पुसत हळूच म्हणाले, "हे मी तुला सांगायला हवं होतं. जीभ रेटली नाही."

तो सामान बांधत होता. तिनं दारातूनच सांगितलं.

"म्हणजे मी जाणार... आणि तू इथंच?"

"तू हो म्हणाला असतास, तर आले असते मी तुझ्याबरोबर."

"माहीत होतं."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "माहीत होतं? तरी नाही म्हणालास?"

"'हो' जिभेवरच होतं गं... गिळलं."

पुढे होऊन तिनं त्याचा हात धरला. मधे हातमोजे नव्हते. हात चक्क गरम होता.

"सहा महिने," ती म्हणाली. "तिकडे कुणाची भूल पडू द्यायची नाही."

"भूल द्यायचं काम माझं," तो म्हणाला. "पडायची ती पडून गेली."