मुकी पिंपं

"ए वैजू, पिंप मुकं झालंय!" बंडू ओरडला.

"झोपेत आहेस का? नीट कान लाव!"

वैजयंतीनं स्वतः कान लावला. आत चिडीचूप! दुसरं पिंप, तिसरं, सगळी तशीच.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ही भावंडं वाशीच्या फ्लॅटमधून खारघरच्या डोंगरउतारावर यायची. तिथे त्यांचे आजोबा, दिनानाथअप्पा, रीतसर परवाना काढून जांभळाची वाइन करत. पोरांना चाखायची सक्त मनाई; पण पिंपाला कान लावून आतली बुडबुड ऐकायचा मान मात्र त्यांचाच! अप्पांचा कायदा कडक: झाडाला औषध मारायचं नाही, फळ धुवायचं नाही. "सालीवर जे जिवंत असतं, तेच रस आंबवतं," ते म्हणत.

"कुणीतरी फळं धुतली असणार," बाबा घाईघाईनं म्हणाले. "तुळशीरामच! दुसरं कोण?"

तुळशीराम बागेतला जुना गडी. अप्पांचा राग म्हणजे जमदग्नी! विचारपूस नाही, काही नाही. उभ्या उभ्या त्याला कामावरून काढून घरी धाडलं.

दुपारी त्याची मुलगी शांती डोळे पुसत आली. "माझ्या बानं फलं नाय धुतली! उद्या आमी मामाच्या गावाला चाललो. कायमचं."

शांतीशिवाय सुट्टी? छे! "संध्याकाळपर्यंत चोर पकडते. बघच तू!"

पिंपांतली जांभळं वरच्या रांगेतली होती. तिघं तिथल्या जांभळीखाली पोचली. बंडू अनवाणी, खोडाला टेकून ऐटीत उभा!

"बंडू, तुला मुंगळे कसे चावले नाहीत रे?"

एरवी तिथे पाय ठेवायची सोय नसे. झाडावरचे लाल मुंगळे कीड खात, आणि पोरांच्या घोट्यांचा समाचारही घेत. आज ते मातीत मरून पडले होते. खाली वाकलं की औषधाचा उग्र दर्प नाकात जाई.

"म्हणजे झाडं फवारलीत!" वैजू म्हणाली.

"चांगदेवशेट!" बंडूनं मूठ आपटली. शेजारच्या बागेचे चांगदेवशेट या जमिनीवर कधीपासून डोळा ठेवून होते, आणि आज चहाला येणारच होते. झालं, बेत ठरला! विहिरीजवळच्या झाडावर मुंगळे ठणठणीत होते. तिथली जांभळं वाडग्यात भरून ती वरच्या रांगेतली आहेत असं सांगायचं. ज्यानं फवारलं, तो कसला खातोय!

"घ्या ना काका, खास वरच्या रांगेतली!" चहाच्या वेळी वैजूनं सगळ्यांसमोर वाडगा पुढे केला.

चांगदेवशेटांनी मूठभर उचलली आणि चघळत म्हणाले, "वा! साखर आहे साखर!"

वैजूचा चेहरा पडला. फसला की बेत! बंडूनं कंटाळून एक जांभूळ तोंडात टाकलं.

"थुंक! बंडू, थुंक आधी!"

बाबा धावले. वाडगा खणकन उडाला. त्यांनी बंडूच्या तोंडात बोट घालून जांभूळ काढलं.

"सुधीर..." अप्पा हळूच उठले.

"अप्पा, फळमाशी पडली होती. किडीचं, बुरशीचं, दोन्ही औषधं एकदाच मारली. वाटलं, आंबवल्यावर काही उरत नाही..."

"पोराच्या तोंडातून काढलंस, आणि लोकांच्या घशाखाली ओतणार होतास? वर त्या गरिबाला चोर ठरवलंस!"

बाबा खाली वाकून सांडलेली जांभळं गोळा करू लागले. वैजूला वाटलं, बाबांनी आपल्याकडे बघूच नये. आणि तरी, बघावंही.

अप्पा तडक तुळशीरामच्या दारात गेले. पोरं मागे होतीच. अप्पांनी चक्क हात जोडले!

तुळशीराम गाठोडं बांधत होता. त्याचे हात थांबले नाहीत. "शेट, तुमच्या घरात रोज पिंपाला कान लावतात. मला कुनी इचारला पन नाय."

दुसऱ्या दिवशी सगळी पिंपं खड्ड्यात रिकामी केली. चांगदेवशेटसुद्धा म्हणाले, "पोरीनं अनर्थ टाळला!"

अप्पांनी वैजूच्या डोक्यावर हात ठेवला. "शाब्बास! माझ्या बागेची अब्रू राखलीस. बोल, काय बक्षीस देऊ?"

"शांतीला परत आणा."

अप्पांनी पायवाटेकडे पाहिलं. गाठोडी घेऊन ती माणसं सकाळीच उतार उतरून गेली होती.